काळी मॉली रीफ टाकीत सोडण्यापूर्वीची तयारी

दुकानात गोड्या पाण्यात विकली जाणारी मॉली ही माशाची जात मुळात मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडची. तिकडे नद्यांप्रमाणेच किनाऱ्यालगतच्या मचूळ पाण्यातही मॉली राहतात, म्हणूनच तिला समुद्राच्या पाण्याची सवय लावून रीफ टाकीत, म्हणजे प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, सोडता येते. मात्र ही सवय घाईने लावता येत नाही. गोड्या पाण्यात माशाच्या शरीरात पाणी सतत शिरत असते, तर खाऱ्या पाण्यात ते बाहेर ओढले जाते. तेव्हा माशाला पाणी पिऊन जास्तीचे मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकावे लागते आणि कल्ल्यांमधील पेशींना या बदलासाठी काही दिवस लागतात.

मासा आणण्याच्या आदल्या दिवशीच आरओच्या पाण्यात सागरी मीठ (स्वयंपाकाचे नव्हे) कालवून, पंप चालू ठेवून दर हजारी ३५ क्षारतेचे (एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार) पाणी तयार ठेवावे. रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजणारे यंत्र) ३५ क्षारतेच्या प्रमाणित द्रावणावर जुळवून घ्यावा, कारण चुकीचे माप दाखवणारे यंत्र नसलेले बरे. सवय लावण्यासाठी दहा-बारा लिटरचे वेगळे भांडे, त्यात स्पंज फिल्टर, हीटर आणि घट्ट झाकण असावे, कारण मॉली उडी मारते. फुगीर पोटाची ‘बलून’ जात घेऊ नये. रीफ टाकीतील जोरकस प्रवाहात तिला नीट पोहता येत नाही.

पाणी बदलण्याचा हिशेब आधीच कागदावर मांडावा, कारण बहुतेकांची गफलत येथेच होते. दहा लिटर गोड्या पाण्यातून रोज दोन लिटर काढून तेवढेच खारे पाणी घातले, तर पहिल्या दिवशी क्षारता ७ होते, पण पाचव्या दिवशी ती ३५ नव्हे, साधारण साडेतेवीसच भरते. म्हणून रोज ५ ते ६ ने वाढ धरावी आणि शेवटच्या दिवसांत जास्त पाणी बदलावे. खारे पाणी एकदम न ओतता हवेच्या नळीला गाठ मारून थेंबाथेंबाने सोडावे. पर मिटून जागच्या जागी डोलणारा मासा दिसला, तर त्या दिवशी क्षारता वाढवू नये.

क्षारता बदलताना फिल्टरमधील अमोनिया संपवणारे जिवाणू मंदावतात आणि खाऱ्या पाण्याच्या चढ्या पीएचमध्ये अमोनिया अधिक विषारी ठरतो. त्यामुळे खाणे कमी घालून अमोनियाची चाचणी रोज करावी. हे सर्व रीफ टाकीत करण्याचा मोह टाळावा, कारण क्षारतेतील चढउतार प्रवाळांना सोसत नाहीत. भांड्यात औषध वापरलेच, तर ते पाणी टाकीत जाता कामा नये. तांब्याचे औषध प्रवाळांसारख्या अपृष्ठवंशी जिवांसाठी घातक असते.

मॉली मऊ शेवाळ आवडीने खुडते, पण नायट्रेट आणि फॉस्फेट वाढलेले असेल, तर ते शेवाळ पुन्हा उगवते. त्याचा बंदोबस्त पाणी बदलूनच करावा. टाकीत डॅमसेलसारखा भांडखोर मासा असेल, तर हा बेत सोडून द्यावा.

क्षारता ३५ वर आल्यावर दोन-तीन दिवस मासा नीट खातो आहे का, ते पाहावे. मग तापमान जुळवून, दिवे मालवून त्याला जाळीने टाकीत सोडावे आणि भांड्यातील पाणी मोरीत ओतावे.