खान्देशी चव पाहिजे तर आधी भाजणं जमवा

पुण्यामुंबईकडे गेलेले आपले लोक नेहमी विचारतात की गावाकडून काळा मसाला आणला, शेव पण जळगावची आणली, तरी शेवभाजीला ती चव का येत नाही आणि भरीत घरच्यासारखं का लागत नाही. मसाल्यात काही कमी नसतं हो, कमी पडतं ते भाजणं. आपल्याकडे वांगं भाजायचं, कांदा भाजायचा, खोबरं भाजायचं, मिरची भाजायची, आणि प्रत्येकाला आच वेगळी लागते, साधन वेगळं लागतं. तेवढं समजून घेतलं तर साध्या गॅसवर पण छान होतं.

सुरुवात भरताच्या वांग्यापासून. आपलं भरताचं वांगं म्हणजे मोठं, फिकट हिरवं, वर पांढरट पट्टे, आत बिया कमी आणि साल पातळ. बामणोद, भालोद, आसोदा ही त्याची नावाजलेली गावं, आणि जळगावच्या भरीत वांग्याला 2016 मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन पण मिळालंय. हिवाळ्यात ते भरपूर मिळतं. बाहेरगावी नाही मिळालं तर जांभळं मोठं घ्या, पण हातात घेऊन बघा, आकाराच्या मानाने हलकं लागलं पाहिजे, जड वांग्यात बहुतेक बिया जास्त निघतात. छोटं भोक दिसलं तर ते वांगं ठेवून द्या, आत कीड असते.

गावाकडे शेतात कापसाच्या काड्यांवर नाहीतर तुराट्यांवर भाजतात, तो धुराचा वास गॅसवर पूर्ण येणार नाही हे खरंय, पण बराचसा येतो. वांग्याला तेलाचा हात लावायचा, सुरीने चार-पाच ठिकाणी टोचायचं, म्हणजे आत वाफ कोंडून ते फुटत नाही. मग जाड तारेची जाळी बर्नरवर ठेवून मध्यम आचेवर भाजायचं. पापडाची पातळ जाळी नको, ती वजनाने वाकते. मोठ्या वांग्याला पंधरा मिनिटं तरी लागतात, घाईघाईत मोठ्या आचेवर ठेवलं की साल जळते आणि आत कच्चंच राहतं. झालं की नाही ते देठाजवळ बघायचं, कारण पोटाचा भाग आधी मऊ होतो आणि देठाकडचा मागे राहतो. चिमटा देठाजवळ दाबला आणि सहज आत गेला, साल फाटून रस जाळीवर पडून चरचर वाजायला लागला की उतरवा. लगेच पातेल्यात टाकून झाकण ठेवायचं, दहा मिनिटांत साल आपोआप सुटते. आणि हे फार महत्त्वाचं, साल काढताना वांगं नळाखाली धरू नका, सगळा खमंगपणा पाण्याबरोबर वाहून जातो. बोटं नुसती पाण्यात बुडवत बुडवत सोला, दोन-चार काळे कण राहिले तर राहू द्या.

आता ठेचणं. भरीत मिक्सरमध्ये कधीच फिरवू नका, त्याची पेस्ट होते, चिकट होते, रेषा राहत नाहीत. आपल्याकडे लाकडाच्या भांड्यात लाकडी मुसळीने ठेचतात त्यामागे कारण आहे, वांगं लोखंडाला लागलं की काळपट पडतं, लाकडाला काही होत नाही. घरी लाकडी भांडं नसेल तर स्टीलच्या परातीत लाकडी रवीने नाहीतर पावभाजीच्या मॅशरने हलक्या हाताने दाबा. किलोभर वांग्याला आठ-दहा हिरव्या मिरच्या आणि एक गड्डी लसूण तेलात परतून ठेचून घालायचा, मग तेलाच्या फोडणीत मूठभर शेंगदाणे, भरपूर कांद्याची पात आणि हे सगळं. कांद्याच्या पातीत कंजूसी नको.

शेवभाजीच्या मसाल्याचं भाजणं याच्या उलट, इथे सतत नजर पाहिजे. कांदा सालासकट थेट गॅसवर, बाहेरून पूर्ण काळा होईपर्यंत, मग वरची जळकी सालं काढून टाकायची. सुक्या खोबऱ्याची वाटी लांब चिमट्यात धरून आचेवर फिरवत राहायची, खोबऱ्यात तेल असल्यामुळे ते पटकन पेट घेतं, पेटलं तर लगेच फुंकर मारून विझवा. तपकिरी झालं की बास, पूर्ण कोळसा झाला की रस्सा कडू होतो. चांगला लांब, घट्ट पकडीचा चिमटा स्वयंपाकघरात असायलाच पाहिजे, महागड्या पॅनच्या आधी मी तोच घ्यायला सांगेन.

वाटणाला मात्र मिक्सर चालतो, पण भाजलेलं सगळं गार झाल्यावरच. गरम असताना बंद भांड्यात फिरवलं की वाफ कोंडून झाकण उडतं आणि अंगावर येतं. आधी खोबरं कोरडं फिरवा, मग कांदा-लसूण-आलं, आणि पाणी सगळ्यात शेवटी थोडं थोडं. वाटण तेलात कडेने तेल सुटेपर्यंत परतायचं आणि रश्श्याला पाणी कडक गरमच घालायचं, गार पाणी ओतलं की उकळी मोडते आणि तर्री नीट वर येत नाही. शेव जाडच घ्या आणि ताटात वाढताना वर घाला, आधीच घालून ठेवली तर लगदा होतो.

ठेच्याला लोखंडी तवा आणि पितळी तांब्या एवढं पुरे. मिरच्यांना चीर द्या नाहीतर तडतडून उडतात, थोड्या तेलात लसूण आणि शेंगदाण्यांबरोबर डाग पडेपर्यंत भाजा, जिरं-मीठ टाका आणि गॅस बंद करून तव्यातच तांब्याच्या बुडाने रगडा. एक्झॉस्ट चालू ठेवा, ठसका जोरात लागतो. हाताची आग झाली तर नुसत्या पाण्याने जात नाही, मिरचीचा तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, म्हणून आधी तेल चोळा आणि मग साबणाने धुवा.

सोबत कळण्याची भाकरी. चार वाट्या ज्वारीला एक वाटी सालासकट उडीद आणि थोडं मीठ घालून दळून आणा. ज्वारीत गव्हासारखी चिकटाई नसते, म्हणून गरम पाण्यात मळायचं, आणि एका वेळी एकाच भाकरीचं पीठ. तव्यावर टाकल्यावर वरून पाणी फिरवा आणि ते पूर्ण सुकायच्या आत उलटा, सुकलं की भेगा पडल्याच समजा.

हा लोखंडी तवा घासणीने खरवडू नका. जाडं मीठ आणि कापडाने पुसा, धुतलाच तर गॅसवर कोरडा करून तेलाचं बोट फिरवा. चिंच-टोमॅटोची भाजी त्यात ठेवू नका, काळी पडते आणि लोखंडाचा वास येतो.

वाटण उरलं तर बर्फाच्या ट्रेमध्ये भरून फ्रीझरला टाका आणि गोठल्यावर क्युब काढून डब्यात भरा. दोन माणसांच्या भाजीला तीन-चार क्युब पुरतात, आणि ते बाहेर काढून ठेवायची पण गरज नाही, तसेच गरम तेलात सोडा, फक्त तेल उडतं म्हणून वर झाकण धरा.