फ्रीबीएसडी सोर्समधून बिल्ड करताना या चुका टाळा

फ्रीबीएसडी या युनिक्ससारख्या ऑपरेटिंग सिस्टिमचा कर्नल (हार्डवेअर सांभाळणारा गाभा) आणि त्यावर चालणारी सगळी मूळ सामग्री, म्हणजे लिबसी (सी भाषेची मूळ लायब्ररी), शेल, एलएस, अगदी क्लँग कंपायलरसुद्धा, एकाच सोर्स ट्रीमध्ये असते. ही ट्री राहते /यूएसआर/एसआरसी मध्ये. कर्नल सोडून उरलेल्या सगळ्याला ‘वर्ल्ड’ म्हणतात. लिनक्समध्ये कर्नल एका प्रकल्पाकडून येतो आणि लिबसी दुसऱ्याकडून. इथे दोन्ही एकाच कमिटवर (सोर्सच्या नोंदवलेल्या एकाच अवस्थेवर) जुळलेले असतात. बिल्ड फसलेली बहुतेक प्रकरणं बघितली, तर कुणीतरी घाईत ही जुळणीच मोडलेली असते.

कर्नल आधी, मग रीबूट, मग वर्ल्ड

ठरलेला क्रम असा: मेक बिल्डवर्ल्ड, मेक बिल्डकर्नल, मेक इन्स्टॉलकर्नल, रीबूट, ईटीसीअपडेट -पी, मेक इन्स्टॉलवर्ल्ड, ईटीसीअपडेट -बी, मेक डिलीट-ओल्ड आणि पुन्हा रीबूट. (ईटीसीअपडेट /ईटीसी मधल्या सेटिंगच्या फाइली नव्या सोर्सशी जुळवतं.) यातला पहिला रीबूट लोक हमखास गाळतात. ‘दोन्ही एकदम इन्स्टॉल करतो, शेवटी एकदाच रीबूट करतो’ हा विचार डोक्यात आला की तिथेच हात आवरा.

कारण सरळ आहे. नव्या कर्नलला जुने प्रोग्रॅम चालवता येतात; जेनेरिक या मूळ कर्नल कॉन्फिगमध्ये कम्पॅट-फ्रीबीएसडी नावाचे पर्याय त्यासाठीच असतात. उलटं चालत नाही. नवी लिबसी नव्या क्रमांकाचा सिस्टिम कॉल (कर्नलकडे मागणी) करते, जुन्या कर्नलला तो क्रमांक माहीतच नसतो, आणि प्रोग्रॅम ‘बॅड सिस्टिम कॉल’ म्हणत जागेवर मरतो.

याचं सगळ्यात झणझणीत उदाहरण मे २०१७ चं. तेव्हा करंट या विकासाच्या शाखेत आयनो-६४ हा बदल आला आणि आयनोड क्रमांक (फाइलची अंतर्गत ओळख) ३२ बिटांचा ६४ बिटांचा झाला. स्टॅट आणि डायरंट या रचनांचा आकार बदलला, त्यामुळे फाइलची माहिती घेणारे आणि डिरेक्टरी वाचणारे कॉल नव्या क्रमांकांवर गेले. फाइलची माहिती न विचारणारा प्रोग्रॅम कुठे सापडणार? जुन्या कर्नलवर नवं वर्ल्ड टाकलं की एलएसपासून शेलपर्यंत सगळं बंद. यातला फसवा भाग असा, की इन्स्टॉलवर्ल्ड स्वतःला लागणारी साधनं आणि त्यांच्या लायब्रऱ्या सुरुवातीलाच एका तात्पुरत्या डिरेक्टरीत कॉपी करून घेतं. म्हणून ते मध्ये न अडखळता संपू शकतं. माणूस निश्चिंत होतो आणि पुढचीच कमांड मरते. अशा वेळी रीबूट ही कमांडसुद्धा चालेल याचा भरवसा नाही. कर्नल आधीच इन्स्टॉल झाला असेल तर पॉवर बटण दाबून मशीन पुन्हा सुरू करा, नवा कर्नल येईल आणि गाडी रुळावर येईल. कर्नल टाकलाच नसेल तर वर्ल्डइतक्या किंवा त्याहून नव्या व्हर्जनचा यूएसबी इन्स्टॉलर बूट करा, डिस्क माउंट करा आणि यूएसबीवरचं /बूट/कर्नल तिथे कॉपी करा.

या बदलाची सूचना ट्रीच्या मुळाशी असलेल्या अपडेटिंग फाइलमध्ये २०१७०५२३ या तारखेच्या नोंदीत होती. गेल्या बिल्डपासून आजपर्यंतच्या नोंदी वाचायला पाच-दहा मिनिटं लागतात. तेवढीही नसतील त्याने तयार बायनरी अपडेट घ्यावं, त्यात कमीपणा काही नाही.

परतीची वाट आधी तयार ठेवा. झेडएफएस फाइलसिस्टिमवर बीईसीटीएल क्रिएट करून बूट एन्व्हायर्नमेंट, म्हणजे सिस्टिमची परत बूट करता येणारी प्रत, बनवा. यूएफएसवर चालता कर्नल सीपी -आर ने /बूट/कर्नल.गुड या नावाने बाजूला ठेवा. लोडरच्या (कर्नल सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) प्रॉम्प्टवर ‘बूट कर्नल.गुड’ लिहिलं की तो येतो. आपोआप बनणाऱ्या कर्नल.ओल्डवर विसंबू नका. तो एकच असतो. बिघडलेल्या कर्नलमध्ये बूट होऊन पुन्हा इन्स्टॉलकर्नल केलंत, की कर्नल.ओल्डच्या जागी तो बिघडलेलाच जाऊन बसतो.

ट्रीच्या पोटात शिरून ‘मेक’

यूएसआर.बिनमधल्या एखाद्या छोट्या प्रोग्रॅममध्ये बदल करायचा, तिथेच ‘मेक’ मारायचं आणि हेडरच्या नावाने एरर आला की सोर्सच खराब आहे म्हणून ओरडायचं, हे नेहमीचं. तिथे नुसतं ‘मेक’ केलं की कंपायलर सिस्टिमवर इन्स्टॉल असलेली हेडर आणि लायब्रऱ्या घेतो, ट्रीमधल्या नव्या घेत नाही. ट्री पुढे गेली असेल तर एरर येणारच. एकदा पूर्ण बिल्डवर्ल्ड होऊ द्या. मग ट्रीच्या मुळाशी मेक बिल्डएन्व्ह चालवा आणि त्या शेलमधून आत जाऊन बिल्ड करा.

कॉन्ट्रिब डिरेक्टरीत थेट फेरफार करण्याचा मोहही टाळा. तिथे एलएलव्हीएमसारखा (क्लँगचा पाया) बाहेरचा कोड असतो आणि नवी आवृत्ती आली की तुमचा बदल मर्जमध्ये आडवा येतो. स्वतःचे पॅच स्वतःच्या गिट ब्रँचवर ठेवा आणि गिट पुल करताना --एफएफ-ओन्ली द्या. डेप्थ १ चा (मागच्या इतिहासाविना) क्लोन केलात तर गिट बायसेक्ट करून बिघाड आणणारा कमिट शोधता येणार नाही, आणि यूनेमच्या (सिस्टिमची आवृत्ती दाखवणाऱ्या कमांडच्या) ओळीत कमिटची संख्याही दिसणार नाही.

छोट्या, पण रोजच्या

वर्ल्डचे पर्याय एसआरसी.कॉन्फमध्ये लिहा. मेक.कॉन्फ पोर्ट्सनाही (बाहेरची सॉफ्टवेअर बिल्ड करण्याच्या संग्रहालाही) लागू होतं.

एमएकेओबीजेडीआयआरप्रिफिक्स (बिल्डच्या फाइली कुठे ठेवायच्या ते) या दोन्ही फाइलींत चालत नाही. ते एन्व्हायर्नमेंटमध्ये द्या.

कर्नल कॉन्फिगसाठी जेनेरिकची अख्खी प्रत काढून ओळी खोडू नका. ‘इन्क्लूड जेनेरिक’ लिहा, नवा आयडेंट (कर्नलचं नाव) द्या आणि नको ते नोडिव्हाइस, नोऑप्शन्सने काढा. सहा महिन्यांनी जेनेरिक बदललं तरी तुमची फाइल शिळी होत नाही.

करंट हळू चालतं? त्याच्या जेनेरिकमध्ये विटनेस आणि इन्व्हेरियंट्स ही तपासणी चालू असते. जेनेरिक-नोडीबग बिल्ड करा आणि मगच वेगावर बोला.

-जे चा आकडा (एकाच वेळी चालणारी कामं) कोअरइतका घ्या, पण रॅम कमी असेल तर उतरवा. एलएलव्हीएमच्या भागात क्लँग ‘किल्ड’ म्हणून पडला तर डीमेसेज बघा, मेमरी संपलेली दिसेल. -जे असताना खरा एरर शेवटच्या ओळींत नसतो, वर कुठेतरी असतो. म्हणून बिल्ड ‘स्क्रिप्ट’ नावाच्या कमांडखाली चालवा आणि लॉगमधला पहिला ‘एरर कोड’ शोधा. दर वेळी वेगळ्याच फाइलवर सिग्नल ११ येत असेल तर सोर्सला दोष देऊ नका, रॅम तपासा.

/टीएमपी नोएक्झेक (तिथून प्रोग्रॅम चालवायला मनाई) माउंट असेल तर इन्स्टॉलवर्ल्ड सुरुवातीलाच अडतं.

‘रिक्वायर्ड एनटीपीडी युजर इज मिसिंग’ असं आलं, म्हणजे तुम्ही ईटीसीअपडेट -पी गाळलंत.

ड्रम-केमॉडसारखी (ग्राफिक्स ड्रायव्हर) बाहेरची मॉड्यूल्स नव्या कर्नलसोबत पुन्हा बिल्ड करावी लागतात. त्यासाठी मेक.कॉन्फमध्ये पोर्ट्स_मॉड्यूल्स ही ओळ आहे.

झेडपूल अपग्रेड

झेडएफएसच्या पूलचं (डिस्कच्या संचाचं) घाईत अपग्रेड, हा या यादीतला सगळ्यात महागडा उतावीळपणा. नवं वर्ल्ड आलं की झेडपूल स्टेटस सांगू लागतं की काही फीचर चालू केलेली नाहीत. त्याच वाक्यापुढे, पूल असाच वापरता येईल, असंही लिहिलेलं असतं, पण ते कुणी वाचत नाही. लगेच झेडपूल अपग्रेड, पुढच्या बूटला लोडर ‘अनसपोर्टेड फीचर’ म्हणतो आणि मशीन तिथेच थांबतं.

इन्स्टॉलवर्ल्ड नवं लोडर.ईएफआय /बूटमध्ये ठेवतं. फर्मवेअर मात्र ईएफआय पार्टिशनवरची (बूटसाठी राखलेल्या डिस्कच्या छोट्या भागावरची) प्रत चालवतं आणि तिला इन्स्टॉलवर्ल्ड हात लावत नाही. ती जुनीच राहते. म्हणून आधी /बूट/ईएफआय माउंट आहे का बघा, मग नवं लोडर.ईएफआय तिथल्या ईएफआय/फ्रीबीएसडी/लोडर.ईएफआय आणि ईएफआय/बूट/बूटएक्स६४.ईएफआय यांपैकी जी फाइल असेल तिच्यावर कॉपी करा. दोन्ही असतील तर दोन्हींवर. मिरर असेल तर प्रत्येक डिस्कचं ईएफआय पार्टिशन वेगळं असतं, तेही करा. बायोस बूट असेल तर जीपार्ट बूटकोडने जीपीटीझेडएफएसबूट लिहा, पण पार्टिशनचा क्रमांक जीपार्ट शोमध्ये बघून. अंदाजाने १ लिहिलं आणि तिथे दुसरंच काही असलं तर ते पुसलं जातं.

हे सगळं करूनही अपग्रेड लगेच करू नका. ते मागे घेता येत नाही, आणि जुन्या बूट एन्व्हायर्नमेंटमधल्या कर्नलला नवी फीचर ओळखता येत नसतील तर तो पूल उघडणारच नाही. म्हणजे बीईसीटीएलने राखलेली वाट तुम्हीच बंद केलीत. नवी सिस्टिम दोन-चार आठवडे नीट चालू द्या.

डिलीट-ओल्ड-लिब्स

ही जुन्या लायब्रऱ्या काढणारी कमांड डिलीट-ओल्डच्या पाठोपाठ मारू नका. १३ वरून १४ वर जाताना ओपनएसएसएल १.१.१ ची जागा ३ ने घेतली आणि लिबएसएसएल.एसओ.१११ च्या ठिकाणी लिबएसएसएल.एसओ.३० आली. जुनी पॅकेजेस १११ च मागतात. ती काढली की कर्लपासून वेब सर्व्हरपर्यंत सगळं ‘शेअर्ड ऑब्जेक्ट नॉट फाउंड’ म्हणत बसतं. आधी पीकेजी अपग्रेड -एफ ने सगळी पॅकेजेस नव्याने घ्या, सेवा रीस्टार्ट करा, मेक चेक-ओल्ड-लिब्स चालवून यादी बघा आणि मग काढा.