मृत्युपत्रावर शंका आली तर काय करावे

मृत्युपत्राचा वाद बहुतेक घरांत तलाठ्याच्या टेबलापासून सुरू होतो. एका भावाने मृत्युपत्र जोडून नोंदीचा अर्ज दिलेला असतो, बाकीच्यांना गावातून कुणकुण लागते, मग हरकत, सुनावणी, अपील, पुन्हा अपील. यात दोन-तीन वर्षे सहज जातात. तोवर दवाखान्यातले केसपेपर रद्दीत गेलेले असतात आणि मृत्युपत्रावरचा एखादा वयस्क साक्षीदारही जग सोडून गेलेला असतो. फेरफाराने मालकी ठरत नाही. सातबाऱ्यावरची नोंद मुख्यतः महसुलासाठी असते, आणि मृत्युपत्र खरे की खोटे हे दिवाणी न्यायालयच ठरवते. म्हणून हरकत जरूर घ्या, पण सगळी ताकद तिथे घालवू नका. पहिल्या तीन महिन्यांत पुरावा गोळा करा. पुढचा दावा त्यावरच उभा राहतो.

पुढची माहिती महाराष्ट्रातल्या हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांसाठी आहे. मुस्लिम व्यक्तीला वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापेक्षा जास्त मालमत्ता मृत्युपत्राने देता येत नाही. गोव्यात तर निम्मा हिस्सा मुलांसारख्या हक्काच्या वारसांसाठी राखीवच असतो आणि वाटणी इन्व्हेंटरी प्रक्रियेतून, म्हणजे न्यायालयापुढे मिळकतीची यादी करून, होते. तिथला कायदा वेगळा असल्याने वकीलही तिथलाच बघा.

आधी कागद

मृत्यूच्या दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच काढून घ्या, प्रत्येक ठिकाणी लागतात. त्यानंतर मृत्युपत्राची नक्कल. मृत्युपत्र नोंदवलेले असेल तर त्याची नोंद दुय्यम निबंधकाच्या पुस्तक क्रमांक ३ मध्ये असते. करणारा हयात असताना त्याची नक्कल दुसऱ्या कोणाला मिळत नाही. मृत्यूनंतर मात्र अर्ज, फी आणि मृत्यूचा दाखला देऊन कोणालाही मिळते. ‘तुम्ही वारस नाही, नक्कल देता येणार नाही’ असे कोणी म्हणाले तर नोंदणी अधिनियमाचे कलम ५७ दाखवा. कोणत्या कार्यालयात नोंदवले हे माहीत नसेल तर गेलेली व्यक्ती जिथे राहत होती, जिथे तिची जमीन होती आणि जिथे लाभ घेणारा मुलगा किंवा पुतण्या राहतो, त्या सगळ्या ठिकाणी शोध घ्या.

मृत्युपत्र नोंदवायलाच हवे असा कायदा नाही. त्याला मुद्रांकही लागत नाही, साध्या कागदावर चालते. उलट, नोंदवलेले आहे एवढ्यावरून ते खरेही ठरत नाही. नंतर केलेले बिननोंदणीचे मृत्युपत्र सिद्ध झाले तर आधीचे नोंदवलेले मृत्युपत्र रद्द होते. त्यामुळे एक कागद सापडला म्हणून शोध थांबवू नका. कपाट, बँकेचे लॉकर, वकिलाचे कार्यालय, सगळीकडे विचारा.

दवाखान्याच्या कागदांची घाई सगळ्यात जास्त. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचारनियमांनुसार भरती रुग्णांचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपून ठेवायचे असतात, आणि मागणी केल्यावर ७२ तासांत द्यायचे असतात. डिस्चार्ज कार्डावर समाधान मानू नका, पूर्ण इनडोअर केसपेपर मागा. नर्सच्या रोजच्या नोंदींत ‘रुग्ण गोंधळलेला’, ‘नातेवाईक ओळखत नाही’ असे तारखेसह लिहिलेले असते, आणि मृत्युपत्राची तारीख त्याच आठवड्यातली निघाली तर त्या एका ओळीला मोठे वजन असते. मागणी लेखी द्या, पोच घ्या.

सह्यांचेही तसेच. हस्ताक्षर तज्ज्ञाला झेरॉक्सवरून खात्रीचे मत देता येत नाही, मूळ सही लागते, आणि तीही मृत्युपत्राच्या आसपासच्या काळातली. पंचविशीतली सही आणि ऐंशीतली सही जुळणारच नाही. बँकेतले धनादेश, पेन्शनचा हयातीचा दाखला, सोसायटीच्या सभेचे हजेरीपत्रक कुठे आहे याची यादी करून ठेवा. बँक मूळ कागद तुमच्या हातात देणार नाही, पण न्यायालयाच्या समन्सवर हजर करते.

मृत्युपत्र कसे वाचावे

नक्कल हातात आली की मजकुरातल्या रागालोभाकडे नंतर बघा. आधी शेवटचे पान काढा. करणाऱ्याची सही किंवा अंगठा कुठे आहे, खाली साक्षीदार किती आहेत, त्यांच्या सह्यांवरची ओळ काय सांगते? कायद्याला किमान दोन साक्षीदार लागतात. दोघांनीही करणाऱ्याला सही करताना पाहिलेले हवे किंवा त्याने ‘ही माझी सही’ असे त्यांना सांगितलेले हवे, आणि दोघांनी आपापली सही त्याच्या समोर केलेली हवी. दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर असायलाच हवेत असे नाही. पण ‘मी दुसऱ्या दिवशी घरी सही करून दिली, तेव्हा आण्णा तिथे नव्हते’ असे साक्षीदार उलटतपासात म्हणाला तर ती साक्ष बाद होते.

मग मागची पाने. प्रत्येक पानावर सही आहे का? पहिल्या दोन पानांचा टाइप आणि शेवटच्या पानाचा टाइप सारखा आहे का? शेवटच्या पानावर मजकुराच्या तीनच ओळी आणि खाली सही असेल तर आधीची पाने बदलली गेल्याची शंका घ्यायला जागा असते. मजकूर सहीपाशी येता येता दाटीवाटीने लिहिला असेल तर कोऱ्या कागदावर आधी सही घेतलेली असू शकते. सगळी पाने एका वेळी टाचलेली आहेत की टाचणीची जुनी भोके वेगळ्या जागी दिसतात, हे मूळ प्रतीवरच कळते, म्हणून मूळ प्रत न्यायालयात दाखल करून घेण्याची मागणी सुरुवातीलाच करा.

सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये वेंकटाचल अय्यंगार प्रकरणात सांगितलेली कसोटी आजही वापरतात. सही थरथरती आहे, मन दुबळे आहे, जवळच्या वारसांना कारण न देता वगळले आहे, आणि ज्याला मोठा लाभ होतो त्यानेच मृत्युपत्र करवून घेण्यात पुढाकार घेतला आहे, अशी संशयास्पद परिस्थिती असेल तर ती दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे आणणाऱ्यावर असते. मात्र फसवणूक किंवा दबाव झाला असे तुम्ही म्हणत असाल, तर ते सिद्ध करायचे ओझे तुमच्यावर. त्यामुळे दाव्यात ‘दबावाने केले’ एवढेच मोघम लिहू नका. लाभार्थ्याने वकील ठरवला, गाडी केली, साक्षीदार त्याचेच कामगार, असा तपशील तारखांसह द्या. आणि एक स्पष्ट सांगायला हवे: एका मुलाला जास्त दिले एवढ्या कारणावर मृत्युपत्र पडत नाही. मृत्युपत्र मुळात नेहमीची वाटणी बदलण्यासाठीच करतात.

देणाऱ्याचे होते किती?

हा प्रश्न बरेच जण विचारतच नाहीत. मृत्युपत्र अगदी खरे असले तरी ते स्वतःच्या हिश्श्यापुरतेच चालते.

समजा, वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाची चार एकर जमीन आहे, म्हणजे १६० गुंठे. वडील गेले, मागे आई, दोन मुलगे, एक मुलगी. मृत्यूच्या आदल्या क्षणी वाटणी झाली असे धरले तर वडील, आई आणि तीन मुले असे पाच वाटे पडतात, प्रत्येकी ३२ गुंठे. वडिलांनी ‘सगळी जमीन थोरल्याला’ असे लिहिले असले तरी ते देऊ शकतात फक्त आपले ३२ गुंठे. थोरल्याचे ६४ होतात, बाकी तिघांचे प्रत्येकी ३२ शाबूत राहतात. मृत्युपत्र पडले तर वडिलांचे ३२ चौघांत आठ-आठ गुंठे वाटले जातात आणि प्रत्येकाला ४० मिळतात. म्हणजे इथे मुलीची मृत्युपत्रावरची लढाई आठ गुंठ्यांची आहे, ३२ तिला तशीही मिळणारच आहेत. मुलीचा हा हक्क जन्माने येतो. मुलींना समान हक्क देणारी दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, ९ सप्टेंबर २००५ रोजी, वडील हयात असायलाच हवे होते असे नाही, हे विनीता शर्मा प्रकरणात २०२० मध्ये ठरले आहे. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या आणि विक्री त्यामुळे उघडता येत नाहीत.

पण ‘आजोबांची जमीन’ म्हणजे वडिलोपार्जित, हे समीकरण नेहमी बरोबर नसते. आजोबांनी स्वतः खरेदी केलेली जमीन त्यांच्या १९५६ नंतरच्या मृत्यूमुळे वारसाने वडिलांकडे आली असेल, तर ती वडिलांची स्वतंत्र मिळकत ठरते आणि ती पूर्ण मृत्युपत्राने देता येते. म्हणून १९५० च्या आसपासपासूनचे सगळे फेरफार काढा. जमीन कुळकायद्याने आली, खरेदीने की वाटपाने, हे त्या जुन्या नोंदींतच कळते.

हरकत आणि नॉमिनी

वारसाची खबर तीन महिन्यांत तलाठ्याला, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याला, द्यायची असते. मृत्युपत्राच्या आधारे अर्ज आल्याचे कळताच लेखी हरकत द्या. हरकत आली की नोंद तक्रारी नोंदवहीत, गाव नमुना सहा-अ मध्ये जाते आणि सुनावणी लागते. हरकतीत लांबलचक कहाणी नको. मृत व्यक्तीचे नाव, गट क्रमांक, तुमचे नाते, ‘सदर मृत्युपत्र मला मान्य नाही, सर्व वारसांची नावे लावावीत, न्यायालयाचा निर्णय होईपर्यंत मृत्युपत्राआधारे नोंद प्रमाणित करू नये’, एवढे पुरे. पोच घ्या. निर्णय विरुद्ध गेला तर ६० दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील.

या टप्प्यावर बहिणींना आणि आईला कळकळीने सांगणे आहे: ‘नोंदीसाठी लागते’ म्हणून पुढे केलेल्या कागदावर वाचल्याशिवाय सही करू नका. तो संमतीचा जबाब असतो किंवा हक्कसोडपत्र असते. स्थावर मिळकतीचे हक्कसोडपत्र नोंदवलेले असावे लागते. नुसत्या नोटरीसमोर केलेल्या कागदाने हक्क जात नाही, पण तो पुढची कित्येक वर्षे तुमच्याविरुद्ध दाखवला जातो.

फ्लॅट आणि शेअरच्या बाबतीत नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. शेअरबाबत हे डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येजदानी प्रकरणात ठरले. विम्याबाबतही १९८४ मध्ये असेच ठरले होते, पण २०१५ च्या दुरुस्तीने आईवडील, पती-पत्नी किंवा मुले नॉमिनी असतील तर विम्याचे पैसे त्यांचेच मानण्याची तरतूद आली, त्यामुळे तिथे वकिलाला विचारा. एरवी नॉमिनी पैसे किंवा सदस्यत्व स्वीकारतो, हिस्सा वारसांचा राहतो. फ्लॅट असेल तर सोसायटीच्या सचिवाला लगेच लेखी कळवा की वाद आहे आणि नॉमिनीला कायम सदस्य करून घेऊ नये. बँकेलाही तसेच पत्र द्या, पण नुसत्या पत्राने बँक पैसे अडवून ठेवेलच असे नाही. त्यासाठी न्यायालयाचा मनाई हुकूम लागतो.

कोणत्या न्यायालयात

मुंबई शहरात केलेल्या किंवा तिथल्या मिळकतीच्या मृत्युपत्राला पूर्वी प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचा न्यायालयाचा दाखला, सक्तीचे होते. २०२५ च्या दुरुस्तीने भारतीय उत्तराधिकार अधिनियमाचे कलम २१३ वगळले गेले आणि ती सक्ती संपली. प्रोबेट घेता मात्र येते. समोरच्याने प्रोबेटचा अर्ज केला आणि तुम्हाला सायटेशन (न्यायालयाची नोटीस) आले तर मुदतीत कॅव्हेट (लेखी हरकत) आणि पाठोपाठ त्याच्या समर्थनाचे प्रतिज्ञापत्र दाखल करा, मग तो अर्ज दाव्यासारखा चालतो. दिवाणी प्रक्रिया संहितेतले ९० दिवसांचे कॅव्हेट वेगळे, त्याने हे काम होत नाही. प्रोबेट न्यायालय मृत्युपत्र खरे आहे का एवढेच बघते. जमीन वडिलोपार्जित होती का, हा मुद्दा तिथे चालत नाही.

म्हणून बहुतेकांना खरा मार्ग वाटपाच्या दाव्याचा. त्यात मृत्युपत्र बंधनकारक नसल्याचे जाहीर करून मागा, वाटप आणि स्वतंत्र ताबा मागा, विक्रीला तूर्तातूर्त मनाई मागा. सगळे वाटेकरी आणि सगळ्या मिळकती एकाच दाव्यात घ्या. एक आत्या किंवा एक गट सुटला तर दावा त्याच कारणावर अडतो. महाराष्ट्रात आणखी एक काम करावे लागते आणि ते हमखास राहून जाते: दावा दाखल झाल्याची लिस पेंडन्सची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवणे. ती नोंदवली नाही तर दावा चालू असताना जमीन घेणारा ‘मला माहीत नव्हते’ म्हणू शकतो. हिस्सा नाकारल्याचे कळल्यापासून वाटपाच्या दाव्याला बारा वर्षांची मुदत आहे, पण त्या भरवशावर बसू नका.

मृत्युपत्र सिद्ध करायला साक्षीदार हयात असेल तर निदान एकाची साक्ष व्हावीच लागते, आणि त्या एकाला दुसऱ्या साक्षीदारानेही रीतसर सही केल्याचे सांगता आले पाहिजे. जानकी नारायण भोईर प्रकरणात, २००२ च्या निकालात, नेमके हेच सांगता आले नाही आणि मृत्युपत्र पडले. उलटतपासात म्हणून छोटे प्रश्न महत्त्वाचे असतात. कागद कोणी आणला, वाचून कोणी दाखवला, त्यांनी चष्मा लावला होता का, पेन कोणाचे, आधी सही कोणी केली, दुसरा साक्षीदार तेव्हा कुठे बसला होता.

दावा चालू असताना तडजोड करायला संकोच नको. लोकअदालतीत किंवा मध्यस्थीत झालेली तडजोड हुकूमनाम्यात उतरवून घ्या, त्यात गट क्रमांक, क्षेत्र, दिशा, विहिरीतल्या पाण्याची पाळी आणि बांधावरची झाडे कोणाची, हे सगळे लिहा. ‘समजुतीने वहिवाट करावी’ असे वाक्य त्यात राहू देऊ नका, पुढचा वाद तिथूनच निघतो. शेतजमिनीचे प्रत्यक्ष वाटप हुकूमनाम्यानंतर जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते आणि मोजणी भूमी अभिलेख खात्याकडून. मोजणीच्या दिवशी प्रत्येक वाटेकऱ्याने बांधावर हजर राहावे, हद्दीच्या खुणांचे तारखेसह फोटो घ्यावेत आणि मोजणी नकाशाची ‘क’ प्रत आपल्या नावाने मागून घ्यावी.