उणे ८० चा फ्रीझर शेवटी घ्या: कोल्हापुरातल्या बायोबँकेची तयारी

रुग्णालयात बायोबँक, म्हणजे रुग्णांच्या गाठी-रक्ताचे नमुने संशोधनासाठी जपून ठेवण्याची जागा, काढायचं ठरलं की पहिली चौकशी होते ती उणे ८० अंश सेल्सिअसच्या डीप फ्रीझरच्या किमतीची. ती सध्या बाजूला ठेवा. आधी एथिक्स कमिटीकडे, म्हणजे संशोधनाला नैतिक मंजुरी देणाऱ्या समितीकडे, जा आणि आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं समोर घेऊन बसा. नमुने कुणाच्या ताब्यात राहणार, संशोधकाला ते कोण आणि कशावरून देणार, निधी संपला तर त्यांचं काय करणार, हे पहिल्याच अर्जात लिहा. नमुना परदेशी पाठवायचा झाला तर वेगळी परवानगी लागते, तीही आत्ताच समजून घ्या.

मग संमतीपत्र. ते मराठीतच लिहा, इंग्रजीचं भाषांतर करून घेऊ नका. ‘अवशिष्ट ऊतींचे भावी संशोधनार्थ जतन’ असलं काही गडहिंग्लजहून गाठीच्या ऑपरेशनला आलेल्या मावशींना वाचून दाखवण्यात अर्थ नाही. त्यांच्याजवळ बसून सांगा, “मावशी, काढलेली गाठ आधी तपासणीला जाईल. त्यातनं उरलेला तुकडा एरवी पिवळ्या पिशवीतून जाळायला जातो. तो आम्ही आजाराच्या अभ्यासासाठी जपून ठेवू का? तुम्हाला यातून काही मिळणार नाही, आणि नको म्हणालात तरी उपचारात फरक पडणार नाही.” हे बोलणं ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, घरची माणसं जवळ असताना व्हावं, ट्रॉलीवर झोपवल्यावर मुळीच नको. लिहिता-वाचता येत नसेल तर अंगठ्याबरोबर त्रयस्थ साक्षीदाराची सही घ्या. जनुकीय तपासणी, दुसऱ्या संस्थेला नमुना देणं, पुढे पुन्हा संपर्क करणं यांची संमती वेगवेगळी विचारा. मन बदललं तर कुठे फोन करायचा तो नंबर मोठ्या अक्षरात छापा. १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतल्या पेशी त्यांना न विचारता घेतल्या गेल्या, आणि घरच्यांना ते कळायला वीस वर्षांहून जास्त काळ गेला. तसं आपल्या हातून व्हायला नको.

नावाऐवजी कोड वापरा आणि नाव-कोडची यादी वेगळ्या कुलपात ठेवा. गावाचं नावही संशोधकाला देऊ नका. गगनबावड्याकडच्या छोट्या वाडीत वय आणि आजार सांगितला तरी माणूस ओळखू येतो.

आता घड्याळ लावून ऑपरेशन थिएटरपासून पॅथॉलॉजीपर्यंत, म्हणजे गाठ तपासतात त्या विभागापर्यंत, चालत जा. रक्तपुरवठा तुटला की ऊतीतला (काढलेल्या तुकड्यातला) आरएनए, म्हणजे पेशीत कोणती जनुकं काम करताहेत ते सांगणारा रेणू, बदलायला लागतो, म्हणून तुकडा अर्ध्या तासात गोठवायचा प्रयत्न हवा. पण पहिला हक्क निदानाचा: पॅथॉलॉजिस्ट देतील तेवढाच तुकडा आपला. काही भाग कुप्यांत घालून अतिथंड द्रवरूप नायट्रोजनमध्ये, काही ऊती टिकवणाऱ्या १० टक्के फॉर्मलिनच्या द्रावणात, आणि जमल्यास शेजारची निरोगी ऊती व रक्तही घ्या. काढल्याची आणि गोठवल्याची, दोन्ही वेळा लिहा. उशीर झाला असेल तर तोच खरा लिहा. वेळ माहीत असलेला उशिराचा नमुनाही उपयोगी पडतो. लेबलं अतिथंडीत टिकणारी, बारकोडचीच घ्या. पूर्वी एका ठिकाणी आम्ही साध्या मार्करने नंबर घातले होते. कुप्यांवरचा बर्फ पुसताना शाई गेली आणि अकरा जणांचे नमुने टाकून द्यावे लागले. त्यांनी विश्वासाने दिले होते, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

यानंतर पावसाचा विचार. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैत पुरामुळे शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला होता. अशा दिवसांत नायट्रोजन पोचणार कसा? म्हणून नायट्रोजनच्या प्रत्येक कंटेनरमधून रोज किती उडून जातो ते मोजा आणि जूनपासून त्या हिशोबाने साठा ठेवा. तळमजला नकोच, जनरेटर आणि त्याचं डिझेलही वरच ठेवा. प्रत्येक रुग्णाच्या निम्म्या कुप्या उंचावरच्या दुसऱ्या इमारतीत असू द्या. द्रवरूप नायट्रोजन आपल्या जिल्ह्याला नवा नाही. जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी रेतमात्रा त्यातूनच गावोगाव जातात, तेव्हा त्या कर्मचाऱ्यांना पुरवठा आणि हाताळणीबद्दल जरूर विचारा. एका लिटरचा जवळपास ७०० लिटर वायू होतो, त्याला वास नसतो, आणि बंद खोलीत माणूस गुदमरतो. ऑक्सिजन मोजणारा अलार्म बसवल्याशिवाय कुणालाही त्या खोलीत पाठवू नका.

आता फ्रीझर घ्या, आणि दोन घ्या. एक चालू पण रिकामा, अडचणीच्या वेळेसाठी. आपोआप बर्फ वितळवणारा नको, त्यात तापमान वरखाली होतं. अलार्म थेट फोनवर वाजायला हवा.

बँक सुरू झाल्यावर दर महिन्याला काही कुप्या चिठ्ठी टाकून निवडा आणि नोंदीत लिहिलेल्या जागीच सापडतात का बघा. तुकड्याची स्लाइड करून त्यात गाठीचा भाग किती आहे तेही तपासा. पण पहिला रुग्ण घेण्याआधी, मे महिन्यातच, सलाइन भरलेल्या दहा कुप्यांवर रंगीत तालीम करा. एकदा रात्री दोन वाजता अलार्म मुद्दाम वाजवा, आणि कोण किती मिनिटांत पोचलं ते वहीत लिहून ठेवा.