परदेशी पंगतीत माळकरी: या चुका टाळा

वरुड-मोर्शीचा संत्रावाला इस्रायलला ठिबक बघायला जातो, आर्वीची आई लेकाकडे जर्मनीला जाते, आणि घोडं अडतं ते जेवणावर. गळ्यात तुळशीची माळ अन् समोर यजमानाने हौसेने वाढलेलं ताट.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ताटावर बसेपर्यंत गप्प राहणं. आपल्याकडे ऐन पंगतीत पाहुणा "मले कांदा-लसूण चालत नाई" म्हणाला की घरच्या बाईचा चेहरा उतरतो. तिकडेही तेच. आमंत्रण येताच सांगा. नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हणून सुटू नका; त्यात अंडं चालतं असंच बहुतेक ठिकाणी धरतात, काही जण मासेही धरतात. त्यापेक्षा चालतं काय ते सांगा: भात, डाळ, भाज्या, दूध, फळं. रांधणाऱ्याला त्याचाच उपयोग.

दिसतं तेवढ्यावरही जाऊ नका. जपानी घरात मिसो सूपचा वाडगा येतो. वर टोफूचे, म्हणजे सोयाबीनच्या पनीरचे, तुकडे, समुद्री शेवाळ, मासळीचं नाव नाही. पण आतलं पाणी, म्हणजे दाशी, बहुधा वाळवलेल्या बोनिटो माशाच्या किसाचं. थायलंडच्या साध्या भाजीत नाम प्ला, म्हणजे माशाचा आंबवलेला रस. इटलीच्या पार्मेझान चीजचं दूध वासराच्या जठरातल्या रेनेटने गोठवतात. विचारायचं ते पहिल्या घासाआधी, एकदाच. अर्धा वाडगा संपल्यावर कळलं तर तोंड वाकडं न करता वाडगा बाजूला सारा आणि भात पुन्हा मागून घ्या. पाहुण्याने मागून खाल्लं की यजमान कुठलाही असो, सुखावतो.

इस्रायलमध्ये त्या मानाने सोपं. कोशर, म्हणजे ज्यूंच्या खाण्यापिण्याच्या धर्मनियमात मांस आणि दूध एकत्र येत नाही, म्हणून कोशर डेअरी हॉटेलात मांस शिजतच नाही. मासे मात्र असतात.

कारण विचारलं तर एक वाक्य पुरे: "घरात माळ आहे, आम्ही मांस खात नाही." जीवहत्येवरचं कीर्तन सप्ताहात शोभतं, दुसऱ्याच्या टेबलावर नाही. घरी सावजी मटण ओरपणाऱ्यानेही बीफला तेवढ्याच शब्दांत नाही म्हणावं.

यजमानासाठी तूप-पेढे बांधून नेताय? युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत, विमानतळावरच काढून घेतात. त्यापेक्षा एका संध्याकाळी त्यांच्याच ओट्यावर झुणका करून वाढा आणि भांडीही घासून ठेवा. बेसन तिथल्या भारतीय किराण्यात मिळतं. तिखट मात्र आपल्या घरच्या अंदाजाने नका टाकू, निम्मंच टाका.