पावसाळ्यात उबोन राचाथानीला जाताय? या चुका टाळा

लाओसच्या सीमेकडचं उबोन राचाथानी हे इसानमधलं, म्हणजे थायलंडच्या ईशान्य भागातलं महत्त्वाचं शहर. वर्षभराचा पाऊस साधारण १,६०० मिमी, म्हणजे मुंबईहून बराच कमी. त्यामुळे कोकणातल्या धारा पाहिलेल्या माणसाला वाटतं, एवढ्याशा पावसाचं काय घेऊन बसायचं? बहुतेक चुकांचं मूळ या समजात आहे. उबोनमध्ये बेत मोडतो तो पावसापेक्षा नदीमुळे. आणि नदीचं वेळापत्रक पावसाच्या वेळापत्रकापेक्षा वेगळं असतं.

आभाळ बघून पुराचा अंदाज बांधणं

इसानच्या पठारावरचं बरंचसं पाणी मून आणि ची या दोन नद्यांत उतरतं. ची नदी उबोनच्या थोडं वरच्या अंगाला मूनला मिळते, आणि मग ते सगळं पाणी शहराला खेटून पुढे खोंग चियामला मेकाँगमध्ये जातं. वाटेत फिबून मांगसाहानजवळ नदीच्या पात्रात खडकांचे उंचवटे आहेत, तिथे प्रवाह अडखळतो. जमीन सपाट, त्यात पुढे मेकाँगही भरलेली असेल तर पाण्याला उतार मिळत नाही. परिणाम असा, की शेकडो किलोमीटर वर पडलेला पाऊस उबोनला कित्येक दिवसांनी पोचतो. शहरात लख्ख ऊन असतं आणि नदी चढत असते.

दुसरं कारण वादळांचं. दक्षिण चीन समुद्रातून येणारी वादळं व्हिएतनाम आणि लाओस ओलांडून थायलंडमध्ये शिरतात, तेव्हा उबोन त्यांच्या वाटेवर अगदी पुढे असतं. २०१९ मध्ये पोदुल वादळ आणि पाठोपाठ काजिकीच्या पावसाने सप्टेंबरमध्ये मोठा पूर आला. २०२२ मध्ये सप्टेंबरअखेर नोरू आलं आणि ऑक्टोबरमध्ये नदीकाठच्या वस्त्या पाण्यात होत्या. म्हणून 'ऑक्टोबरमध्ये पाऊस सरला, आता निर्धास्त' असं धरू नका. पाऊस ओसरल्यावरही नदी बराच काळ चढलेली राहते.

काय करायचं? निघण्याच्या आठवडाभर आधीपासून 'थायवॉटर' या संकेतस्थळावर किंवा ॲपवर एम.७ हे नदीची पातळी मोजणारं केंद्र रोज बघा. ते सेरी प्रचाथिपताय पुलाजवळ आहे आणि तिथे काठाची उंची समुद्रसपाटीपासून ११२ मीटर धरली जाते. एका दिवसाच्या आकड्यावर निर्णय घेऊ नका, लागोपाठ तीन-चार दिवसांचा कल बघा. पातळी ११२ च्या खाली असली तरी रोज चढत असेल, तर नदीकाठचं राहणं आणि दक्षिण काठाचा प्रवास बेतातून काढा. थायलंडमध्ये असताना हवामान खात्याचा क्रमांक ११८२ आणि आपत्ती निवारणाचा १७८४.

रेल्वे स्टेशनजवळ हॉटेल घेणं

नकाशावर 'उबोन राचाथानी स्टेशन' दिसतं म्हणून लोक त्याच्या आसपास खोली घेतात. पण बँकॉकहून येणारी गाडी जिथे थांबते ते स्टेशन शहराच्या पलीकडे, नदीच्या दक्षिणेला वारिन चामरापमध्ये आहे. जुनं शहर, थुंग सी म्युआंग बाग आणि विमानतळ हे सगळं उत्तर काठावर. वारिनचा नदीकडचा भाग सखल आहे आणि पुरात आधी तोच बुडतो. पुलाकडे जाणारे रस्ते पाण्याखाली गेले की गाडीने येऊनही तुम्ही शहराच्या बाहेरच अडकता.

मुक्काम उत्तर काठावर, बागेच्या आसपास घ्या. ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत जाणार असाल तर रेल्वेपेक्षा विमान बरं, निदान परतीच्या प्रवासाला तरी. रात्रीच्या गाडीनेच जायचं असेल तर बँकॉकमध्ये क्रुंग थेप अभिवत स्थानकावर जा. लांब पल्ल्याच्या गाड्या २०२३ पासून तिथून सुटतात, जुन्या हुआ लाम्फोंगला जाऊन उपयोग नाही.

मेणबत्ती उत्सवाची तारीख आपल्या पंचांगावरून काढणं

उबोनचा मेणबत्ती उत्सव चुकवू नये असाच आहे. मेणात कोरलेल्या देवता, गरुड, जातककथांमधले प्रसंग, आणि हे सगळं गाडीवर चढवून काढलेली मिरवणूक. उत्सव आषाढी पौर्णिमेला आणि दुसऱ्या दिवशी भिक्खूंचा वर्षावास सुरू होतो तेव्हा असतो. आपली गुरुपौर्णिमाही आषाढातलीच, त्यामुळे तारीख एकच असणार असं वाटतं. बहुतेक वर्षी ती जुळतेही: २०२५ मध्ये दोन्ही १० जुलैला होत्या. पण अधिक महिना दोन्ही पंचांगांत एकाच जागी येईल असं नाही. २०२३ मध्ये आपली गुरुपौर्णिमा ३ जुलैला होती आणि थायलंडची आसाळ्ह पूजा, म्हणजे तिथली आषाढी पौर्णिमा, १ ऑगस्टला. तिकिटं काढण्याआधी थायलंडच्या सुट्ट्यांची त्या वर्षाची यादी बघा.

मिरवणुकीच्या सकाळी पोचू नका. आदल्या संध्याकाळी सजवलेल्या मेणबत्त्या बागेभोवती उभ्या असतात, तेव्हा कोरीव काम जवळून नीट दिसतं. त्याहून चांगलं म्हणजे आठवडाभर आधी देवळांच्या आवारात जाणं. कारागीर तिथे मेण कोरत असतात. काही मेणबत्त्यांवर साच्यातून काढलेली नक्षी तुकड्यातुकड्याने चिकटवतात. दोन्ही पद्धती शेजारीशेजारी बघायला मिळतात. या दिवसांत खोल्या लवकर भरतात, मधल्या भागातले रस्ते बंद असतात, आणि या धार्मिक दिवसांना दारूविक्रीवर निर्बंध असतात.

कोरड्या ऋतूतली ठिकाणं यादीत ठेवणं

समाजमाध्यमांवर उबोन म्हटलं की साम फान बोकचे खडकातले रांजणखळगे दिसतात. पावसाळ्यात ते मेकाँगच्या पाण्याखाली असतात. एवढं अंतर तोडून गेलात तर नुसती गढूळ नदी दिसेल. खोंग चियामचा दोन रंगांचा संगमही या दिवसांत फिका असतो, कारण मूनचं पाणीही गढूळ झालेलं असतं. वट सिरिंधोर्न वराराम या देवळाच्या मागच्या भिंतीवरचं चमकणारं झाड दिवसा साठवलेल्या उजेडावर चमकतं. दिवसभर ढग असतील तर चमक मंद. तिथे जायचं तर दुपारी ऊन पडलेला दिवस निवडा आणि सूर्यास्ताआधी पोचा.

या ऋतूचं खरं वैभव आहे फा तेम राष्ट्रीय उद्यानात. सेंग चान धबधब्याचं पाणी खडकाला पडलेल्या भोकातून खाली येतं, आणि सोय सवान धबधब्यात दोन कड्यांवरून येणारे प्रवाह खाली एकत्र होतात. उन्हाळ्यात इथे पाणी नसतं. ऑगस्ट-सप्टेंबर उत्तम. वालुकाश्मावर शेवाळ धरतं, म्हणून घट्ट पट्ट्याच्या, खाचा असलेल्या तळाच्या चपला घाला. पाणी एकाएकी गढूळ झालं किंवा पाला-काटक्या वाहून यायला लागल्या तर फोटो राहू द्या, लगेच वर या: वरच्या अंगाला पाऊस झालेला आहे.

फुलांसाठी मात्र घाई नको. कास पठार सप्टेंबरमध्ये फुलतं म्हणून फा तेमला त्याच वेळी गेलात तर निराश व्हाल. सीतेच्या आसवांच्याच कुळातली जांभळी-निळी फुलं तिथल्या कातळावर पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर या काळात येतात.

भाड्याच्या स्कूटरवरून लांब जाणं

शहरात स्कूटर ठीक. पण फा तेम एका बाजूला सुमारे १०० किमी आहे. संध्याकाळच्या सरीत २१७ क्रमांकाच्या मार्गावर ट्रकच्या पाण्याचे फवारे अंगावर घेत परत येणं धोक्याचं आहे. चालकासह गाडी ठरवा, सकाळी लवकर निघा आणि अंधाराआधी परता. स्कूटरने साचलेल्या पाण्यातून जावंच लागलं तर पाणी चाकाच्या मधल्या तुंब्याच्या वर नसावं. ऑटोमॅटिक स्कूटरच्या पट्ट्याच्या खोक्यात पाणी गेलं की पट्टा घसरतो, इंजिन फिरतं पण गाडी पुढे सरकत नाही. अशा वेळी रेस वाढवत बसू नका, गाडी ढकलत बाहेर काढा. दुचाकीचा उल्लेख असलेला आंतरराष्ट्रीय परवाना नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी दावा नाकारू शकते.

ओल्या कपड्यांची चिंता नको. नाण्यांवर चालणारी धुलाईची आणि वाळवण्याची यंत्रं गल्लोगल्ली आहेत, १० बाटची नाणी जमवून ठेवा. शाकाहारी असाल तर सोम ताम या कच्च्या पपईच्या कोशिंबिरीतही आंबवलेल्या माशाचं पला रा असतं हे लक्षात ठेवा. पिवळ्या झेंड्यावर लाल थाई अक्षरांत 'जे' (เจ), म्हणजे मांस-मासे नसलेलं जेवण, असं लिहिलेली दुकानं शोधा.

पुराच्या पाण्यात अनवाणी चालणं

हा मुद्दा घरात मधुमेही माणूस असेल तर दोनदा वाचा. लेप्टो आपल्याला माहीत आहे. इसानच्या मातीत आणि पाण्यात त्याशिवाय मेलिऑइडोसिस या आजाराचे जिवाणू असतात. ते जखमेतून, दूषित पाणी पिण्यातून, आणि वादळी पावसात श्वासातूनही शरीरात जाऊ शकतात. मधुमेह हा या आजाराचा सगळ्यात मोठा जोखीम-घटक. पावसाळ्यात रुग्ण वाढतात आणि उपचाराला उशीर झाला तर आजार जिवावर बेतू शकतो.

गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घ्या. पायाला भेग किंवा खरचटलेलं असेल तर जलरोधक पट्टी लावा. चुकून चिखलात पाय गेलाच तर लगेच साबणाने धुवा. पाणी बाटलीबंद किंवा उकळलेलं प्या. दिवसा चावणाऱ्या डेंग्यूच्या डासांसाठी २० ते ३० टक्के डीट असलेलं मलम लावा, आणि ताप आला तर पॅरासिटामॉलच घ्या. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन नको.

उबोनमध्ये असताना तब्येत बिघडली तर रुग्णवाहिकेसाठी १६६९, पर्यटक पोलिसांसाठी ११५५. मेलिऑइडोसिसची लक्षणं सहसा तीन आठवड्यांच्या आत दिसतात, क्वचित बऱ्याच उशिराही. परतल्यावर ताप, खोकला किंवा न भरणारं गळू झालं तर डॉक्टरांना 'ईशान्य थायलंडमध्ये पावसाळ्यात होतो, मातीपाण्याशी संपर्क आला' हे स्वतःहून सांगा, आणि अँटिबायोटिक सुरू करण्याआधी रक्ताचं कल्चर करायला सांगा. या आजाराला नेहमीची बरीच औषधं लागू पडत नाहीत, आणि लक्षणं क्षयासारखी दिसत असल्याने निदान चुकण्याची शक्यता असते.