बंद झालेल्या जपानी स्थानकाचा इतिहास कसा शोधावा

‘एका विद्यार्थिनीसाठी रेल्वेने स्थानक चालू ठेवलं’ ही जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरची गोष्ट जानेवारी २०१६ मध्ये जगभर फिरली. तीत नाव होतं कामी-शिराताकी. मुलगी प्रत्यक्षात गाडी पकडायची ती क्यू-शिराताकीला. अशी गल्लत टाळायची तर सुरुवात नावापासून करा.

तिथल्या सेकिहोकू रेल्वेमार्गावर ओकू-शिराताकी, कामी-शिराताकी, नुसतं शिराताकी, क्यू-शिराताकी आणि शिमो-शिराताकी अशी पाच स्थानकं होती. ‘कामी’ म्हणजे वरचं, ‘शिमो’ खालचं, ‘ओकू’ आतलं, ‘क्यू’ जुनं. रोमन लिपीत शोधलंत तर घोटाळा होतो. स्थानकाचं कांजीतलं, म्हणजे जपानीतल्या चिनी अक्षरांतलं, नाव मिळवा आणि त्यानेच शोधा.

मग तारखा. जपानी कागदपत्रांत सम्राटांच्या कालखंडाचं वर्ष असतं. शोवा असेल तर १९२५ मिळवा, हेइसेइला १९८८, रेइवाला २०१८. क्यू-शिराताकी शोवा २२ मध्ये, म्हणजे १९४७ साली सुरू झालं. पण स्थानक म्हणून नव्हे, ‘कारिजोकोजो’ म्हणून. हा तात्पुरता थांबा. रेल्वेचं स्थानिक कार्यालय स्वतःच्या अधिकारात तो देई आणि भाडं शेजारच्या स्थानकाच्या अंतरावरून आकारलं जाई. त्यामुळे देशभराच्या जुन्या वेळापत्रकात असे थांबे बऱ्याचदा सापडतच नाहीत. होक्काइदोची आवृत्ती बघावी लागते. १ एप्रिल १९८७ ला राष्ट्रीय रेल्वेचं विभाजन झालं तेव्हा क्यू-शिराताकीला स्थानकाचा दर्जा मिळाला. म्हणून ‘स्थापना’ म्हणून दोन वेगळी वर्षं दिसली तर त्यातलं एक चूक आहे असं लगेच धरू नका.

बंद होण्याची तारीख याहून फसवी. जपानी नोंदीत ‘हाइशी’ची, म्हणजे बंद झाल्याची, तारीख बहुधा शेवटच्या गाडीनंतरच्या दिवसाची असते. क्यू-शिराताकीची नोंद २६ मार्च २०१६ची आहे, गाडी शेवटची थांबली २५ला. होक्काइदोतल्याच शिन-तोत्सुकावा स्थानकात तर कोरोनामुळे गाड्या १७ एप्रिल २०२० रोजीच थांबल्या, पण कागदावर स्थानक ७ मेला बंद झालं. दोन्ही तारखा लिहून ठेवा. ‘शिंगोजो’ (सिग्नलचं ठाणं) हा शब्द दिसला तर रूळ आणि सिग्नल चालू आहेत, फक्त प्रवासी चढ-उतार थांबली आहे. शिमो-शिराताकीचं तेच झालं.

आता वेळापत्रक वाचा. खरा इतिहास तिथेच आहे. गोष्टीतल्या ७:०४ आणि १७:०८ या वेळा कामी-शिराताकीच्या होत्या. क्यू-शिराताकीहून एन्गारू गावाकडे दिवसाला एकच गाडी, सकाळची; उलट दिशेला तीन. जपानमध्ये शाळेचं वर्ष मार्चमध्ये संपतं आणि रेल्वेचं नवं वेळापत्रकही बहुधा मार्चमध्येच लागू होतं. मार्च २०१६ च्या फेरबदलात कामी, क्यू आणि शिमो ही तिन्ही शिराताकी एकाच दिवशी गेली, कारण चढणारं माणूसच जवळपास उरलं नव्हतं. मुलीचं शिक्षण संपणं आणि स्थानक बंद होणं जुळून आलं, एवढंच म्हणता येतं. तरी त्या सकाळच्या एकुलत्या गाडीचं मोल त्याने तसूभर कमी होत नाही.

गाव कसं विरळ झालं ते पाहायला जपानच्या भूमापन संस्थेची हवाई छायाचित्रं मोफत मिळतात. १९४० च्या दशकातलं, १९७० च्या दशकातलं आणि अलीकडचं, अशी तीन शेजारी ठेवा आणि स्थानकाभोवतीची छपरं मोजा.

प्रत्यक्ष जाणार असाल तर मार्ग अजून चालू आहे हे लक्षात ठेवा. रुळांवर उतरू नका, रस्त्यावरूनच पाहा.